अध्याय कुठला, वचन कुठलं?

मिरजेला माहेरी गेले की माझ्या दोघी बहिणी पहिल्या चहालाच सुरू करतात. "तू राव घराण्याची सून, नवरा कॉलेजच्या ऑफिसात, आणि त्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात दिवसभर बसून तू करतेस तरी काय गं?" मी म्हणते, पुस्तकं विकते. ते काही खरं नाही. पुस्तकं फारशी खपतच नाहीत. मी आपली ऐकत असते. तारण, कृपा, पाप, देवाची योजना, असल्या विषयांच्या दुकानात येणारा माणूस साडीच्या दुकानासारखं 'हे दाखवा, ते दाखवा' करत नाही. तो बाकावर बसतो, एक उसासा टाकतो आणि बोलायला लागतो. मग साठत जातं एकेक. घरी सांगायची सोय नाही. सासूबाईंची मराठी जुनी, तंजावरची. त्या म्हणतात, "अस्की देव बेस," म्हणजे सगळेच देव चांगले, "पण तिथलं रडणं घरी आणू नको." म्हणून बहिणींना सांगते. आता तुम्ही भेटलात, तुम्हाला सांगते.

दुकान तंजावरच्या जुन्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पुढं दुकान, मागं मालकांचं घर. मालक ज्ञानमुत्तू अय्या. उंच, वाळलेले, पांढरी वेष्टी, म्हणजे आपलं धोतरच, पांढरा शर्ट आणि बारा महिने गुड फ्रायडेचा चेहरा. त्यांच्या बायको मर्सी अम्मा. मला तिथं सगळे रावम्मा म्हणतात. बोलणं सगळं तमिळमध्ये चालतं. मी मराठीत सांगतेय, तेव्हा थोडी चव जाणार, ते तुम्ही सांभाळून घ्या.

*

अय्यांना एक खोड आहे. कुणी नुसतं म्हणालं, "बायबलात असं म्हटलंय," की अय्या चष्म्याच्या वरून बघणार आणि विचारणार, "अध्याय कुठला? वचन कुठलं?" सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर त्या माणसाची त्या दिवशी धडगत नाही. भलेभले पास्टर त्यांच्यासमोर तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करतात.

एकदा दुकानासमोर एक ऑटो येऊन थांबली. मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'माझा स्वामी माझं चाक पंक्चर होऊ देणार नाही.' खाली क्रूस. अय्या काउंटर सोडून बाहेर गेले. ऑटोवाल्याला वाटलं, इथं थांबू देत नाहीत, म्हणून त्यानं गाडी सुरू केली. अय्या हँडल धरून उभे.

"हे कुठल्या अध्यायात आहे?"

"मला काय माहीत अय्या? पेंटरनं लिहिलं."

"मग खाली पेंटरचं नाव घाल. देवाच्या नावावर खपवू नकोस."

पुढच्या आठवड्यात ऑटो परत आली. क्रुसाच्या खाली लिहिलं होतं, 'वचन : पेंटर मुरुगन.' अय्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता बरोबर आहे." अजून फिरते ती ऑटो गावात.

*

आपण एखाद्याला म्हणतो ना, हा कधी खोटं बोलत नाही, तेव्हा म्हणायचं असतं की फारसं खोटं बोलत नाही. अय्यांचं तसं नाही. ते खरोखरच कधी खोटं बोलत नाहीत, आणि त्यापायी धंद्याची पार वाट लागलीय.

एक बाई कृपेवरचं एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन म्हणाल्या, "चांगलं आहे का हो हे?" अय्या म्हणाले, "नाही. निम्म्यापर्यंत झोप येते, पुढं राग येतो." त्या पुस्तकाचा लेखक तिथंच बाकावर कॉफी पीत बसला होता. त्यानं टंबलर खाली ठेवला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अय्या शांतपणे त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हालाही मी फोनवर हेच सांगितलं होतं."

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक म्हातारे वारले, तेव्हा घरच्यांनी अय्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. जुना स्नेह होता. अय्या उठले आणि म्हणाले, "यानं आयुष्यभर ऑर्गन वाजवला. आपण सगळ्यांनी तो सहन केला. देव त्याला विश्रांती देवो, आणि आपल्यालाही." लोकांनी रुमालात तोंडं लपवली. रडताहेत की हसताहेत ते कळायला मार्ग नव्हता.

हसले मीही. पण हीच जीभ त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वेळीही बदलली नाही.

सेल्विन त्यांचा एकुलता एक. हसरा, मोटरसायकलवर फिरणारा, दुकानात आला की माझ्या डब्यातलं थालीपीठ पळवणारा. त्यांच्यात वयात आलेली मुलं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून 'माझा विश्वास आहे' असं म्हणतात; ज्याचा विश्वास नाही त्याला मेल्यावर देवाजवळ जागा नाही, असं मानतात. सेल्विनचा त्या दिवसाचा नवा शर्ट शिवून तयार होता. सकाळी तो म्हणाला, "मला नाही वाटत तसं. मग मी खोटं का म्हणू?" झालं. बापाचाच मुलगा! पुढं कित्येक वर्षं त्या घरात दर रविवारी जेवताना तोच विषय आणि तीच भांडणं. एका रविवारी तो भरल्या ताटावरून उठला आणि गाडी घेऊन निघून गेला. पापनाशमच्या रस्त्यावर लॉरी आडवी आली. बातमी घेऊन माणूस आला तेव्हा मर्सी अम्मांनी त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी पाहिलंय ते ताट.

दफनाच्या वेळी अय्यांना बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "सेल्विन माझा मुलगा. त्याचा विश्वास नव्हता आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. पुढचं देवाच्या हातात." एवढं बोलून ते बसले.

लोक म्हणाले, केवढा खंबीर माणूस. मर्सी अम्मा मात्र पुढं कित्येक आठवडे त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या आणि आत निघून जायच्या. मला तेव्हा अय्यांचा भयंकर राग आला होता. अजून येतो. बाप ना तू? एक वाक्य बोलला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं?

*

दुकानात दोन पास्टर रोज येतात. देवनेसन पास्टर जुन्या चर्चचे, आता रिटायर झालेले, हळू बोलणारे. जेबराज पास्टर तरुण, त्यांचं चर्च एका हॉलमध्ये, ड्रम आणि माईकवालं. एक बाकाच्या या टोकाला बसतो, दुसरा त्या टोकाला. मध्ये मी वर्तमानपत्र ठेवते.

त्यांचा वाद एकच. एकदा मिळालेलं तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, हरवू शकतं की नाही? देवनेसन पास्टर म्हणतात, देवानं आधीच निवडलंय, त्यानं दिलेलं हरवत नाही. जेबराज पास्टर म्हणतात, माणूस रोज घसरतो, रोज जपावं लागतं. एका सकाळी हा वाद इतका रंगला की कॉफी गार झाली, जेवणाची वेळ झाली तरी कुणी हलेना. शेवटी देवनेसन पास्टर उठले आणि पायरीवर गेले. पायरीवर त्यांच्या चपला नव्हत्या. कुणीतरी लांबवल्या होत्या.

"देवानं दिलेलं हरवत नाही ना?" जेबराज पास्टर म्हणाले.

"चपला मुलीनं दिल्या होत्या," देवनेसन पास्टर म्हणाले.

आम्ही सगळे हसत होतो तेवढ्यात आतल्या दारातून मर्सी अम्मा बाहेर आल्या. हातात पदर, आवाज अगदी साधा. "तुमच्या दोघांचं काही ठरलं का? ठरलं असेल तर माझ्या सेल्विनचं सांगा. तो कुठं आहे?"

देवनेसन पास्टर अनवाणी उभे होते, ते तसेच उभे राहिले. जेबराज पास्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. अय्या काउंटरवर मान खाली घालून पुस्तकं पुसत होते, ती त्यांनी पुसतच ठेवली.

*

त्यानंतर तो अम्मांचा प्रश्नच होऊन बसला. दुकानात कुणी नवा धर्मपंडित आला की अम्मा कॉफी घेऊन बाहेर येणार आणि टंबलर हातात देता देता विचारणार. आपल्या हातात गरम कॉफी असते, पळून तर जाता येत नाही. कुणी म्हणायचं, देव दयाळू आहे. कुणी म्हणायचं, हे गूढ आहे, आपण त्यात शिरू नये. एकानं तर डोळे मिटून तिथंच प्रार्थना सुरू केली. ती कॉफी पार निवेपर्यंत चालली.

चेन्नईहून एक तरुण मुलगा आला होता, नुकताच धर्मशास्त्र शिकून बाहेर पडलेला. त्यानं अम्मांना समोर बसवून सगळं समजावलं. देवाची मूळ योजना, माणसाचं स्वातंत्र्य, बाप्तिस्म्याचा अर्थ, वेगवेगळ्या पंथांची मतं. बोर्ड असता तर आकृतीही काढली असती. अम्मांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुला माहीत नाही, एवढंच ना तंबी? मग बोंडा खा."

पोरगं बिचारं लाल झालं. मग अम्मांनी काउंटरकडे बोट केलं. "तुमच्या कुणाकडून मला नकोच आहे. यांच्याकडून हवंय. हे खोटं बोलत नाहीत. यांनी एकदा सांगितलं की तो देवाजवळ आहे, तर मी परत कुणाला विचारणार नाही."

अय्या त्या मुलाला म्हणाले, "तुम्हाला ती पापनाशमची बस पकडायची होती ना?"

*

पापनाशमवरून आठवलं. तिथले एक गृहस्थ आमच्याकडून देवाच्या योजनेवरचं पुस्तक घेऊन गेले. बसमध्येच वाचायला लागले आणि इतके गुंगले की पापनाशम मागं गेलं, हे थेट कुंभकोणमला. चिडून खाली उतरले तर स्टँडवर समोर सख्खा मेहुणा उभा. दोघांत जमिनीवरून भांडण होऊन अबोला धरलेला. परतीच्या बसमध्ये एकच बाक रिकामा होता, दोघे शेजारी शेजारी बसले.

आठवड्यानं गृहस्थ दुकानात आले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी आणून सांगणार, देवानं कसं आमचं जुळवून आणलं. मी अगदी पुढं सरसावून विचारलं, "मग? बोललात?"

"बोललो तर. मागच्या वेळी भांडण अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण झालं. या पुस्तकाचा दुसरा भाग आहे का?"

अय्यांनी दुसरा भाग काढून दिला. म्हणाले, "हा चालत्या गाडीत वाचू नका."

*

आता वचनाच्या कार्डांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इथल्या ख्रिस्ती लोकांत पद्धत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एका डब्यात छापील कार्डं ठेवतात. प्रत्येक कार्डावर बायबलातलं एक वचन, देवानं माणसाला दिलेलं, खाली अध्याय आणि आकडा. डोळे मिटून हात घालायचा आणि एक कार्ड काढायचं. ते तुमचं त्या वर्षाचं. मग कुणी ते फ्रिजवर चिकटवतं, कुणी पाकिटात ठेवतं. घरातलं कुणी परगावी असेल तर त्याच्या नावानं दुसऱ्यानं काढलं तरी चालतं. दुबईतल्या मुलांची कार्डं आयाच काढतात. आमच्या दुकानात डबा भरायचं काम माझं, आणि अय्यांचा नियम कडक : एक हात, एक वचन. बदलून मिळणार नाही.

पाक्कियम टीचर म्हणजे मुलींच्या शाळेच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, लग्न न केलेल्या, सत्तरीच्या पुढच्या. एका वर्षी त्यांना वचन आलं की तुझं घर लेकरांनी भरून जाईल. टीचरनी कार्ड वाचलं, परत वाचलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे कुणा दुसऱ्याचं आहे. मला दुसरं द्या."

"एक हात, एक वचन," अय्या म्हणाले. "ही साडी नाही, टीचर."

टीचर तणतणत गेल्या. पावसाळ्यात त्यांच्या कपाटात मांजर व्यायली. एक पिल्लू कुणी नेईना, ती सगळी तिथंच वाढली. टीचर तक्रार करायला आल्या तर अय्या गंभीरपणे म्हणाले, "वचन खरं ठरलं." टीचरनी पुढं वर्षभर आमच्याकडून काही घेतलं नाही.

आणि सेल्विन गेल्यानंतरचं पहिलं नवं वर्ष. सगळे जमलेले. मर्सी अम्मांनी हात घातला, आपलं कार्ड काढलं, वाचलं, ब्लाउजमध्ये खोचलं. मग परत हात घातला. अय्या म्हणाले, "मर्सी, एकदा झालं तुझं."

"हे सेल्विनचं."

बाहेर गेलेल्या मुलाचं आई काढते, तसंच काढलं होतं त्यांनी. अय्यांनी त्यांच्या मुठीतून कार्ड सोडवून घेतलं आणि डब्यात परत टाकलं. "गेलेल्यांसाठी वचन काढत नाहीत. त्यांचा हिशोब जिवंतपणीच संपतो."

अम्मांनी नवऱ्याकडे बघितलं. "अध्याय कुठला? वचन कुठलं?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस अडखळेल. अडखळले नाहीत. त्यांनी एकापाठोपाठ एक अशी वचनं सांगितली, आकड्यांसकट. अम्मांना तर सगळं बायबल पाठ, रविवारच्या शाळेत लहानपणापासून बक्षिसं मिळवलेली. त्यांना कळत होतं, एकही आकडा चुकलेला नाही. त्या आत गेल्या. मी डबा बंद केला.

*

अय्या मुळीच काही करत नव्हते असं नाही हं. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की ते तारणाच्या कपाटातलं एकेक पुस्तक काढून वाचत बसायचे. तमिळ, इंग्रजी, जे मिळेल ते. चेन्नईहून, बंगळूरहून मागवायचे. विकायला मागवलंय असं म्हणायचे, पण पार्सल फोडल्यावर पुस्तक कपाटात न जाता त्यांच्या खुर्चीशेजारी जायचं. एका दुपारी त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "रावम्मा, ही सगळी पुस्तकं विश्वास ठेवणाऱ्यांसाठी लिहिलीत."

मग म्हणाले, "तुमच्यात काय करतात? माणूस गेल्यावर?"

मी त्यांना पिंडाचं सांगितलं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवला की माणूस शांतपणे गेला असं मानतात.

"आणि नाही शिवला तर?"

"तर त्याचं काहीतरी राहिलंय असं समजतात. मग घरचं कुणीतरी पुढं होऊन हात जोडून म्हणतं, तुझ्या मुलीचं लग्न मी करून देईन, तुझ्या आईला मी बघेन. असं म्हटलं की शिवतो."

"नेहमी?"

"सासऱ्यांच्या वेळी बराच वेळ शिवला नव्हता," मी म्हणाले. "सासूबाईंनी सांगितलं, मी रडणार नाही, तुम्ही जा. मग आला."

अय्या म्हणाले, "म्हणजे तुमच्यात गेलेल्या माणसाला अजून काही सांगता येतं. आमच्यात दार बंद." आणि चष्मा घालून परत वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कावळा येऊन बसला होता. एरवी अय्या काठी घेऊन हाकलतात, पुस्तकांवर घाण करतो म्हणून. त्या दिवशी हाकलला नाही.

*

गेल्या वर्षी मर्सी अम्मांच्या किडन्या गेल्या. आधी गोळ्या, मग डायलिसिस, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. त्या मागच्या खोलीत पडून असायच्या. अंगावर काही उरलं नव्हतं, नुसते डोळे. दुपारची कंजी, म्हणजे तांदळाची पेज, मी भरवायची. अय्या उशाशी स्टुलावर बसायचे.

नाताळच्या आधी एका दुपारी मी कंजी गार करत होते, तेव्हा त्या अय्यांना म्हणाल्या, "अहो, आता तरी सांगा. मला जाऊन शोधत बसायला नको."

अय्या म्हणाले, "मर्सी, मला माहीत नाही."

"नुसतं म्हणा."

"माहीत नसलेलं कसं म्हणू?"

अम्मांनी तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "उपाशी गेला हो तो." त्या दिवशी कंजी घेतली नाही. मी वाटी घेऊन बाहेर आले आणि मोरीत उभी राहून रडले. अय्यांना काहीतरी फेकून मारावं असं वाटत होतं, खरं सांगते.

नवं वर्ष आलं. डबा मीच भरला होता, प्रत्येक कार्ड माझ्या हाताखालून गेलेलं. चर्च सुटल्यावर नेहमीची मंडळी आली, पण या खेपेला दुकानात कुणी थांबलं नाही. सगळे आत, अम्मांच्या खोलीत. दोन्ही पास्टर भिंतीला टेकून उभे. पाक्कियम टीचर पायथ्याशी बसलेल्या. मी डबा धरून. अम्मांना हात उचलत नव्हता, म्हणून अय्यांनी त्यांच्या नावानं हात घातला, कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. नेहमीसारखं, खालच्या अध्यायासकट, आकड्यासकट. अम्मांनी मान हलवली. ते वचन त्यांना पाठच होतं, ओठ बरोबरीनं हलत होते.

मग त्या म्हणाल्या, "आणि सेल्विनचं?"

टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं. आता परत तेच ऐकायला लागणार, दार बंद, हिशोब संपला, अमुक अध्याय, तमुक वचन. डबा घेऊन सरळ बाहेर निघून जावं असं वाटलं.

अय्यांनी डब्यात हात घातला.

बराच वेळ हात आतच होता. मग एक कार्ड बाहेर आलं. अय्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. पहिलं कार्ड वाचून चष्मा खिशात ठेवला होता, तो त्यांनी काढला नाही. घसा खाकरला आणि वाचलं, "तुझा मुलगा माझ्याजवळ आहे. तू रडू नकोस."

खाली अध्याय वाचला नाही. आकडाही नाही.

देवनेसन पास्टरांनी मान वर केली. जेबराज पास्टरांनीही केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

राहिल्या अम्मा. सगळं बायबल ज्यांना पाठ, त्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मी डबा घट्ट धरून वाट बघत होते, आता विचारतील, अध्याय कुठला, वचन कुठलं. त्यांनी विचारलं नाही.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

अय्यांनी परत वाचलं. या खेपेला शेवटी एक वाक्य जास्त होतं.

"तुझा मुलगा माझ्याजवळ आहे. तू रडू नकोस. तो जेवला आहे."